मागच्या अंगणातला कोनाडा

रूपालीने कपाचं बूड फडक्याने पुसलं, तो कोनाड्याच्या डाव्या कडेला, बाकीच्या कपांपासून जरा सुटा ठेवला आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. चुन्याच्या जुन्या भिंतीत कोनाडा छान उठून दिसत होता. कप जाड होते, दुधाळ पांढरे, काठाला निळी रेघ असलेले. एकालाही कान नव्हता. वरच्या कमानीत तिने एक लहानसा पिवळा दिवा बसवून घेतला होता. दुपारच्या उन्हात तो लागलाय की नाही तेही कळत नव्हतं. पण संध्याकाळी त्याचा उजेड कपांच्या काठांवरून कसा ओघळेल, हे तिला आताच दिसत होतं.

"ते काढ तिथनं."

ती वळली. स्वैपाकघराच्या मागच्या दारात गोमाजी उभे होते. हॉटेल त्यांचं. म्हणजे कागदोपत्री आता त्यांच्या मुलाचं, भरतचं. पण गल्ल्यामागची खुर्ची अजून त्यांनी सोडली नव्हती. काम सुरू झाल्यापासून ते त्या खुर्चीवरून उठून कुठलीही गोष्ट बघायला आले नव्हते. हॉलच्या भिंती खरवडल्या, फरशी उखडली, तेव्हाही नाही. आज पहिल्यांदाच मागे आले होते.

"काय झालं, आजोबा?"

"मोडके कप कोन मांडतो गो दारात? कचऱ्यात टाक."

"मोडके आहेत म्हणूनच तर शोभतात."

गोमाजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते कोनाड्याकडेही पाहत नव्हते. त्यांची नजर मधल्या कुठल्यातरी जागेवर, अंगणातल्या मातीवर होती. "काढ म्हटलं ना," ते पुन्हा म्हणाले, आवाज न चढवता, आणि दाराच्या चौकटीला धरून आत वळले.

तेवढ्यात भरत मोबाइल हातात घेऊन आला आणि कोनाडा बघून जागीच थांबला.

"आयला, एक नंबर! हात नको लावू आता कशालाच. हा आपला सेल्फी पॉइंट."

"आजोबा काढायला सांगून गेले."

"बाबांचं काय मनावर घेतेस? त्यांना तर हॉलमधली जुनी ट्यूबलाइट पण ठेवायची होती." भरतने दोन-तीन फोटो काढले, एक स्वतःसकट.

भरत मुंबईला एका मोठ्या हॉटेलात वर्षानुवर्षं काम करून परतला होता. पोलादपूरचं हे हॉटेल त्याच्या आजोबांपासूनचं. मिसळ, भजी आणि चहावर ते चाललं होतं. पण हायवे रुंद झाला, गाड्या खालच्या रस्त्याने सुसाट निघून जाऊ लागल्या आणि हॉटेलपाशी थांबणारी माणसं कमी होत गेली. उरली ती आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणारी-येणारी. त्यांना थांबायला काहीतरी निमित्त हवं, असं भरतच्या डोक्यात बसलं. तो रूपालीकडे महाडला आला तेव्हा एवढंच म्हणाला होता, "जुना काळ पायजे. फुल जुना. सगळाच."

"म्हणजे कुठला?" रूपालीने विचारलं होतं.

"सगळाच ना."

तिला तेव्हा हसू आलं होतं. पुण्याच्या ज्या इंटिरियर डिझाइनच्या ऑफिसात ती काम शिकली, तिथे एका खोलीत एकच काळ असायचा. इंग्रजी अमदानी तर इंग्रजी अमदानी, सत्तर साल तर सत्तर साल. मिसळलं की भंगाराचं दुकान होतं, असं तिथले मोठे साहेब म्हणत. ते ऑफिस सोडून, महाडला स्वतःची पाटी लावून तिने घेतलेलं हे पहिलं मोठं काम. ते भंगाराचं दुकान दिसलं असतं, तर पुढचं काम घेऊन कोणी येणार नव्हतं.

पण वस्तू शोधायला ती आजूबाजूच्या गावांत हिंडू लागली आणि तिला एक गंमत दिसली. इथल्या घरांत काळ रांगेने आलाच नव्हता. तो एस.टी.च्या टपावरून, जसा जमेल तसा आला होता. मुंबईला गेलेला माणूस गणपतीला, शिमग्याला घरी येताना काहीतरी घेऊन यायचा. उमरठच्या एका घरात शेणाने सारवलेल्या पडवीत दोन वाकवलेल्या लाकडाच्या इराणी खुर्च्या होत्या. घरधनी ज्या हॉटेलात वेटर होता ते बंद पडलं तेव्हा मालकाने त्याला दिलेल्या. शिवथरकडच्या एका घरात फिक्या हिरव्या सनमायकाचं, नळीच्या पायांचं टेबल होतं आणि त्यावर पितळेची समई. कुणाकडे साहेबाच्या बंगल्यातला बिलोरी आरसा, त्याच्या चौकटीत खोचलेला दहावीच्या निकालादिवशीचा फोटो. आणि त्या खोल्या भंगाराचं दुकान दिसत नव्हत्या. का दिसत नव्हत्या, हे तिला नीट सांगता आलं नसतं. पण तिने ठरवलं, की वस्तू इथल्याच घरांतल्या घ्यायच्या, काळ कुठलाही असो. खिडक्यांच्या चौकटींना तिने त्या सनमायकाचाच हिरवा रंग दिला आणि सगळा हॉल एकदम बोलायला लागला.

प्रत्येक वस्तू घेताना ती विचारायची, ही इथे कशी आली? लोकांना सांगायला आवडायचं. वस्तू दिल्यावरही ते दारापर्यंत सांगत यायचे.

फक्त ह्या कपांचं कोणी सांगितलं नव्हतं. स्वैपाकघरावरच्या माळ्यावर, सगळ्यांत मागे, ते गोणपाटात बांधून ठेवलेले तिला सापडले होते.

संध्याकाळी कामगार हात धुऊन निघाले तेव्हा तिने त्यातला एक कप घेतला आणि चुलीपाशी गेली. मोरू तिथला जुना चहावाला.

"ह्यात ओता ना."

"ह्यात?" मोरूने कप फिरवून पाहिला. "ह्याला कान नाय."

"असू दे. बघू तर."

त्याने ओतला. तिने कप उचलला आणि पुढच्या क्षणी ओट्यावर टेकवला. बोटं पोळली होती. मग तिने तो काठाला धरून पाहिला, तिथेही तेच. शेवटी ओढणीचं टोक गुंडाळून तो हातात घेतला, तेव्हा कुठे घोटभर पिता आला. तिला नवल वाटलं. ज्यांतून पिता येत नाही असे कप कुणी टाकून का दिले नाहीत? उलट धुऊन, नीट बांधून ठेवले. आणि एखाद्या कपाचा कान तुटावा, सगळ्यांचेच कसे तुटले? तिने तुटल्या जागेवरून अंगठा फिरवला. तिथे टोचत नव्हतं. कुणीतरी ती जागा दगडावर घासून गुळगुळीत केली होती.

ती कप घेऊन हॉलमध्ये आली तर गोमाजी गल्ल्यावरून तिच्याकडेच बघत होते.

"भाजलं ना?" ते म्हणाले.

"हो. आजोबा, हे कप—"

पण ते रस्त्याकडे तोंड करून बसले होते.

*

हॉलमध्ये, आत शिरल्याबरोबर समोर दिसणारी एक फळी अजून रिकामी होती. तिथे काय हवं हे रूपालीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. शाळेत असताना ती बुद्धरत्न सरांकडे गणिताच्या शिकवणीला जायची. सरांच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटावर, एक मोठा लाकडी रेडिओ होता. पुढच्या बाजूला सोनेरी जाळीचं कापड, हस्तिदंती बटणं. गणित सुटेना की ती त्या जाळीकडे बघत बसायची.

सर आता निवृत्त झाले होते. महाडचं त्यांचं घर तेच होतं. जिन्याच्या भिंतीवर पुराची मातकट रेघ रंगाखालूनही दिसत होती. रेडिओ वरच्या मजल्यावर असल्याने वाचला होता. प्रियदर्शिनीबाईंनी, सरांच्या पत्नीने, चहा आणून ठेवला.

"वाजत नाही गं तो," सर म्हणाले. "वर्षं झाली."

"वाजायला नकोय, सर. फळीवर ठेवायचाय. बाकी सगळं जमलंय, तेवढी एकच जागा अडलीय."

"हॉटेल कुठलं म्हणालीस?"

"पोलादपूरला. गोमाजींचं. आता भरतदादा बघतात."

सरांनी तोंडाशी नेलेला कप खाली ठेवला. रागाने नाही, विसरलेलं काहीतरी आठवावं तसा.

"मागचं अंगण आहे अजून?"

"आहे ना. तिथेही बसायची सोय केलीय आम्ही. तुम्हाला माहितीय ते हॉटेल?"

"माहितीय." सर खुर्चीत पुढे सरकले. "आणि थीम काय म्हणालीस?"

"जुना काळ."

"कुठल्या सालचा?"

हा प्रश्न तिने भरतला विचारला होता. तिला कोणी विचारलेला नव्हता. "एका सालचा नाही, सर. सगळे मिसळलेत. बघा ना." तिने मोबाइल पुढे केला.

सरांनी चष्मा चढवला. त्यांना फोटो आवडत होते. खुर्च्या कुणाच्या, आरसा कुठला, टेबलाचा रंग मूळचाच का, असं एकेक विचारत ते पुढे जात होते आणि रूपाली उत्साहाने सांगत होती. मग कोनाड्याचा फोटो आला. सरांनी दोन बोटांनी तो मोठा केला. मग अजून मोठा केला. पडद्यावर एकच कप उरला.

"हे तू मांडलंस?"

"हो. छान दिसतंय ना?"

"बरोबर मांडलंस," सर म्हणाले. "फक्त हे पालथे असायचे. आपले आपण धुवायचे आणि पालथे ठेवायचे. नाहीतर कुत्री तोंड घालायची."

आत प्रियदर्शिनीबाईंचा भांड्यांचा आवाज थांबला होता.

"आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला," सर म्हणाले. त्यांचा आवाज वर्गात असायचा तसाच होता, एक पायरी झाली की दुसरी. "वडील मुंबईला गोदीत होते. सुट्टीला आले की बाजारादिवशी मला घेऊन खाली यायचे. त्या हॉटेलात पुढून जायचं नाही. वळसा घालून मागे यायचं. कोनाड्यातला कप घ्यायचा, आत चालेनासा झालेला, कान तुटलेला, आणि दारापाशी उभं राहायचं. आतला माणूस वरून चहा ओतायचा, कपाला किटली लागणार नाही अशा बेताने. मी सहा-सात वर्षांचा असेन. कोनाडा तेव्हा बरोबर माझ्या डोळ्यांसमोर यायचा. मला त्याचं इतकं अप्रूप होतं! वाटायचं, बघा, आपल्यासाठी ह्यांनी मुद्दाम वेगळं कपाट केलंय." ते थोडं हसले. "तसं माझं चुकीचं नव्हतं. मुद्दामच केलेलं होतं."

रूपालीने मोबाइल मागे घेतला आणि पालथा करून मांडीवर ठेवला. कोनाड्याच्या कमानीत दिवा कुठल्या कोनात बसवायचा ह्यावर तिने अख्खी एक दुपार घालवली होती.

"मला माहीत नव्हतं, सर."

"तुला कसं माहीत असणार? मी गणित शिकवायचो." त्यांनी गार झालेला चहा संपवला. "रेडिओचं मी बघून सांगतो. म्हणजे, तुझं काम बघून. दोन दिवसांत येतो."

*

पोलादपूरला परतल्यावर तिने पहिल्यांदा कोनाडा रिकामा केला. कप गोणपाटात ठेवले, दिवा बंद केला. मग भरतला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

भरत पिंपाच्या झाकणावर बसला.

"बाबा कधी बोलले नाय ह्यातलं," तो म्हणाला. "मी लहानपणी त्या कोनाड्यात गोट्या ठेवायचो."

"मग आता?"

"आता काय? लिंपून टाकू. प्लास्टर, वरून कलर, विषय खतम. लोकांना कळलं ना, तर कोणी व्हिडिओ टाकील आणि ओपनिंगच्या आधी हॉटेल बंद." तो उठला, परत बसला. "माझा जन्म पण नव्हता गो तेव्हा. मी काय केलंय ह्यात?"

लिंपणं रूपालीला पटत नव्हतं, पण त्याविरुद्ध काय बोलावं? गोमाजींनीही तेच तर सांगितलं होतं, काढ म्हणून. हॉलच्या पलीकडून गोमाजी त्यांच्याकडे बघत होते. ऐकू गेलं असावं, नसावं. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

सर आले त्या सकाळी गवंड्याने घमेल्यात माल कालवून ठेवला होता.

सर एस.टी.ने आले, पांढराशुभ्र शर्ट, खांद्याला पिशवी. पुढच्या दाराने आत आले. रेडिओ बरोबर नव्हता. ते सरळ गल्ल्यापाशी गेले.

"मी बुद्धरत्न. वरच्या वाडीतल्या भिकाजींचा मुलगा."

गोमाजींनी डोळे बारीक केले. "भिकाजी... गोदीतला?"

"हो."

"लाल मफलर असायचा."

"हो, तेच."

गोमाजींनी मान हलवली. खुर्चीचे हात धरून ते जरासे उठले, पुरते उठले नाहीत, परत बसले. "मास्तर झालात म्हणं तुम्ही."

"झालो. निवृत्तही झालो."

"बसा," गोमाजी म्हणाले. पण सर बसले नाहीत. रूपालीकडे बघून त्यांनी मागच्या दाराच्या दिशेने हात केला, जाऊ या का, असा. त्यांना वाट दाखवावी लागली नाही.

अंगणात गवंडी थापी घेऊन उकिडवा बसला होता. सर कोनाड्यासमोर उभे राहिले. मग वाकले, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि आत डोकावून पाहिलं. तळाशी दगडात जिथे कप ठेवले जात तिथे पुसट गोल डाग होते. त्यांनी एका गोलावर बोट ठेवलं.

"केवढासा आहे हा," ते म्हणाले. "मला फार मोठा आठवत होता." मग रूपालीकडे वळून, "कप कुठायत?"

तिने गोणपाट आणलं. सरांनी एक कप काढला, हातात तोलला, बोटाने काठ चाचपला आणि कोनाड्यात पालथा ठेवला.

"हा माल कशाला कालवलाय?"

भरत पुढे आला. "सर, बंद करून टाकतोय हे. म्हणजे उगाच कुणाला बघून वाईट नको वाटायला."

"कुणाला?" सरांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

भरत घमेल्याकडे बघू लागला.

"लिंपू नका," सर म्हणाले. "तुम्ही सगळा जुना काळ आत आणून मांडलाय. छान मांडलाय, मी बघितला. मग हाच कशाला पुरून टाकताय? माझा नातू पुण्याला असतो. मी त्याला हे सांगतो तेव्हा तो ऐकतो, पण त्याच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. आला की आणतो त्याला."

"पण सर, गिऱ्हाईक विचारणार, हे काय हाय म्हणून. आम्ही काय सांगायचं? पाटी लावायची का?"

गवंडी घमेल्यातला माल थापीने उगाच वर-खाली करत होता. रूपालीच्या मनात येत होतं, की पाटी कशी दिसेल हे आपल्याला लगेच दिसतंय. कुठलं अक्षर, कुठला रंग. आणि त्याचीच तिला लाज वाटली.

"मी सांगन."

गोमाजी मागच्या दारात येऊन उभे होते.

"बाबा, तुम्ही कशाला—"

"मीच ओतायचो." ते भरतशी बोलत होते, पण बघत होते गवंड्याकडे. "माझा बा गल्ल्यावर आन मी चुलीवर. मला ठावं हाय कसं व्हतं ते. दुसरं कोन सांगनार? जा रे, घमेलं उचल तिथनं."

गोमाजींनी सरांकडे पाहिलंही नाही. आले तसे आत गेले.

नंतर सर हॉलमध्ये उमरठच्या खुर्चीत बसले. चहा मोरूने आणून दिला. गोमाजी गल्ल्यावरच होते, टेबलापाशी आले नाहीत. रूपालीला वाटत होतं, ते येतील. सर तशी वाट बघताना दिसत नव्हते. त्यांनी खुर्चीचा वाकवलेला हात निरखला, हे लाकूड कसं वाकवत असतील असं विचारलं, आणि तिने वाफेवर म्हणून सांगितलं तेव्हा मोठ्या समाधानाने मान डोलावली.

निघताना ते समोरच्या रिकाम्या फळीपाशी थांबले.

"रेडिओ नाही देत मी," ते म्हणाले. "तुझी अडचण होईल, पण नाही देत. इथे एक रेडिओ होता पूर्वी, पुढच्या बाजूला. वडील मागे उभे राहून बातम्या ऐकायचे. चहा संपला तरी कप धुवायला वेळ लावायचे, बातम्या पुऱ्या व्हाव्यात म्हणून. पुढे साठवून साठवून त्यांनी स्वतःचा घेतला. तोच आता इथे आणून ठेवायचा, हे काही पटत नाही मला. घरीच बरा."

"ठेवू नका, सर," रूपाली म्हणाली. "मी दुसरं काहीतरी बघते."

*

दुसरं काहीतरी म्हणजे सरकत्या फळ्यांच्या दाराचं, टीव्ही ठेवायचं एक खोकं मिळालं. दुसऱ्याच एका शिक्षकाच्या घरातलं, कुलूप लावायची सोय असलेलं. तिला वाटलं होतं की रेडिओवाचून ती भिंत फिकी पडेल. पडली नाही. वेगळी झाली.

उद्घाटन रविवारी झालं आणि जेवणवेळेच्या आधीच महाबळेश्वरहून उतरणाऱ्या गाड्या थांबू लागल्या. लोक टेबलांवरून हात फिरवत होते. एक बाई त्या टीव्हीच्या खोक्यासमोर उभी राहून नवऱ्याला सांगत होती, की आमच्याकडे अगदी हेच होतं, आणि किल्ली आईच्या कनवटीला असायची. भरत पाण्याच्या बाटल्या नेता नेता रूपालीला अंगठा दाखवून गेला. तिने मात्र सकाळपासून नीट काही खाल्लं नव्हतं. आत-बाहेर करत ती पुन्हा पुन्हा मागच्या दाराशी येत होती.

कोनाड्यात कप पालथे होते. दिवा तिने काढून टाकला होता.

बराच वेळ तिकडे कोणी फिरकलं नाही. मग एक कॉलेजातली वाटावी अशी मुलगी अंगणात आली, कोनाडा बघितला, एक कप उचलून उलटसुलट केला. "सो क्यूट!" ती म्हणाली आणि तिने मोबाइल वर धरला. मग कुणीतरी विचारायला मिळावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं. "काका, हे काय आहे? डेकोरेशन की खरंच काही होतं?"

ज्याला तिने विचारलं तो भरत होता. तो ट्रे घेऊन तसाच थबकला. रूपाली उंबऱ्यावर उभी होती आणि तिने मागे वळून हॉलमधून गल्ल्याकडे पाहिलं. तिथली खुर्ची रिकामी होती. गोमाजी पुढच्या दाराने बाहेर पडून, इमारतीला वळसा घालून, बोळातून अंगणात येत होते.

"मी सांगतो पोरी," ते म्हणाले. "ह्यात कप असायचे."

"हो ना, दिसतंय. पण बाहेर का? कुणाचे?"

"जे आत येत नसत त्यांचे."

"का नसत येत?"

"आमी येऊ देत नसू."

मुलीला नीट कळलं नसावं. ती अजून हसऱ्या चेहऱ्यानेच उभी होती. गोमाजींनी ओठ ओले केले. त्यांनी दोन वाक्यं सुरू केली आणि दोन्ही अर्ध्यावर सोडली. मग त्यांनी मान झटकली.

"सांगून नाय कळायचं. थांब, दावतो."

त्यांनी कोनाड्यातला एक कप उचलला आणि सुलटा केला. चार पावलं टाकून ते दारासमोर, खालच्या मातीत येऊन उभे राहिले.

"हितं उभं ऱ्हायचं," ते म्हणाले. "ह्याच्या पुढं नाय. आन कप असा धरायचा." त्यांनी कप दोन्ही हातांत धरून वर केला, खांद्याच्याही वर. "आन ओतनारा तितं. वर. दारात ती पोर उभी हाय ना, तितं."

मुलीने दाराकडे पाहिलं. भरतने पाहिलं. जवळच्या टेबलावरच्या दोघांनी पाहिलं.

रूपालीच्या हातात काहीच नव्हतं. तरी तिने हात मागे घेतले. खाली कप तिच्याकडे तोंड करून होता, रिकामा, आणि त्याच्या मागे गोमाजींचा वर केलेला चेहरा. ती दारातून बाजूला सरली आणि पायरी उतरून अंगणात आली.

दारात आता कोणी नव्हतं. आतून भांड्यांचे, माणसांच्या बोलण्याचे आवाज येत होते. मुलीचा मोबाइल कधीच खाली आला होता.

दाखवून झालं होतं. तरी गोमाजींनी कप खाली घेतला नाही.